ओटीपी भिवंडीला जातो
सोलापुरातल्या एका ई-केवायसीचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातली एक विडी कामगार बाई. वय पन्नाशीच्या अलीकडे. गल्ली तिला अक्का म्हणते, इथेही तेच म्हणू. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

अक्काला लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून होणारी ऑनलाईन ओळख पडताळणी, करायचं होतं. योजना 2024 च्या जुलैपासूनची, महिन्याला 1500 रुपये. 18 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने ई-केवायसी सक्तीचं झालं. मुदत आधी दोन महिन्यांची होती, मग ती 31 डिसेंबरपर्यंत वाढली. काम सांगायला सोपं. संकेतस्थळ उघडायचं, स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येईल तो भरायचा. मग नवऱ्याचा आधार क्रमांक, लग्न झालं नसेल तर वडिलांचा, आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी. शेवटी दोन विधानांपुढे हो किंवा नाही. सगळं जागेवर असेल तर पाच मिनिटांचा खेळ.

अक्काचं काम दिवाळीच्या आधी सुरू झालं आणि डिसेंबरात संपलं. का, ते समजून घ्यायला हे टिपण.

रेंजचा प्रश्न नव्हता

इंटरनेटपासून वंचित म्हटलं की डोंगरातलं गाव डोळ्यांपुढे येतं. मोबाईल घेऊन झाडावर चढलेला पोरगा, ऑनलाईन शाळेसाठी टेकडीवर जमलेली मुलं. लॉकडाऊनमध्ये असे फोटो आपण भरपूर पाहिले. अक्काच्या गल्लीत तसलं काही नाही. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि दोन-तीन वर्षांत इथली घरं त्यात बुडाली. किराणा दुकानात पैसे आल्याची घोषणा करणारा डबा दिवसभर बोलत असतो. भाजीच्या हातगाडीवर क्यूआर कोड लटकलेला. विडी वळता वळता बायका तेलुगू मालिका मोबाईलवर लावतात, बघण्यापेक्षा ऐकतातच जास्त. नातेवाईक तेलंगणात, भिवंडीत, सुरतेत पसरलेले. लग्न ठरल्याचं आणि मयताचं दोन्ही व्हॉट्सॲपवर कळतं.

अक्काच्या घरातही स्मार्टफोन आहे. घरात म्हणजे मुलीकडे. मुलगी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जाते, सकाळी दहाला निघते, रात्री आठला येते, आणि फोन तिच्याबरोबर जातो-येतो. धाकटा मुलगा अकरावीला, त्याला रात्री अभ्यासाच्या नावाखाली मिळतो. अक्काला तो वाजतो तेव्हा मिळतो, कुणी तिच्यासाठी फोन केला तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (2019-21) सांगते की महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका 38 टक्के आणि पुरुष 61.5 टक्के. पाहणीला आता काही वर्षं झाली, आकडे वर सरकले असणार. पण त्यातल्या ‘वापरलं’ या रकान्यात अक्काला कुठे बसवायचं? ती रोज इंटरनेट ऐकते. तिच्या हातात ते नसतं.

नंबर कुणाचा?

आधार आलं तेव्हा वस्तीत शिबिरं लागली होती. सगळी गल्ली रांगेत उभी होती, आणि फॉर्मवर मोबाईल नंबर विचारला की घरातला एकमेव नंबर सांगायचा अशी रीत होती. तो नवऱ्याचा. अक्कानेही तोच सांगितला. त्यात चुकीचं काही नव्हतं, कारण त्या वेळी नंबर म्हणजे निरोप पोचवायची सोय एवढंच होतं. पुढे त्याच नंबरावर माणसाची ओळख सिद्ध होणार आहे हे शिबिरातल्या कुणाच्याही डोक्यात नसावं.

नवरा यंत्रमागावर होता. सोलापुरातलं काम कमी झाल्यावर तो भिवंडीला गेला, आधी दर महिन्याला यायचा, मग सणाला, मग आलाच नाही. तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. घटस्फोट झालेला नाही. कोर्टात कुणी गेलं नाही. रोज सकाळी विड्या द्यायच्या असताना कोर्टाची तारीख परवडते कुणाला?

माणूस गेला तसा नंबरही त्याच्याबरोबर गेला. म्हणजे इतकी वर्षं अक्काच्या आधारचा प्रत्येक ओटीपी भिवंडीत एका मागाच्या शेजारी, त्या माणसाच्या खिशात वाजत होता. हे तिला माहीतच नव्हतं, कारण गरज पडली नव्हती. 2024 मध्ये योजनेचा अर्ज अंगणवाडीच्या ताईंनी स्वतःच्या मोबाईलवरून भरून दिला होता. पैसे खात्यात येत होते, खातं अंगठ्यावर चालत होतं. अंगठा जुळेना तेव्हा पासबुक घेऊन शाखेत जायचं.

आम्ही दोघं-तिघं संध्याकाळी वस्तीत फॉर्म भरून देतो. अक्काचा आधार क्रमांक टाकला, पडद्यावर आधारला जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे आकडे आले आणि ती म्हणाली, “हा तर त्यांचा नंबर की.”

अंगठा

आता अक्काचा स्वतःचा नंबर आधारला जोडायला हवा. त्यासाठी आधी स्वतःचा नंबर हवा. त्यासाठी सिमकार्ड. मोबाईलच्या दुकानात सिम घ्यायचं तर आधारवर अंगठा.

इथे विडीबद्दल थोडं सांगायला लागेल. तेंदूचं पान भिजवून मऊ करायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हे मांडीवरच्या सुपात, दिवसाला पाचशे ते हजार वेळा. पानाची कड, तंबाखूची धूळ आणि दोऱ्याचा पीळ यांत सगळ्यात जास्त झिजतं ते अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक. तीस-पस्तीस वर्षं वळलेल्या बाईचा अंगठा हातात घेऊन पाहिलात तर रेषा दिसत नाहीत, नुसता तकतकीत चामड्यासारखा भाग दिसतो. बोटांच्या ठशावर हजारो विडी कामगारांची ओळख बांधणारी यंत्रं याच शहरात बसवली गेली, हे लिहिताना मला हसावं की चिडावं ते कळत नाही.

दुकानातल्या पोराने जमेल ते केलं. “अक्का, पुसा जरा. आता दाबा. नाही, हलकं दाबा. डोक्याला घासा एकदा.” केसांच्या तेलाने ठसा उठतो हा या धंद्यातला सर्वमान्य उपाय. अक्काने बोट डोक्याला घासलं, पदराला पुसलं, दुसरं बोट ठेवलं. यंत्र लाल. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. शेवटी पोरगा म्हणाला, मुलीच्या नावावर घेऊन टाका ना, कशाला वेळ घालवता.

तसंच केलं. सिम मुलीच्या नावावर आलं. नवऱ्याच्या नंबरातून सुटायला निघालेली अक्का मुलीच्या नंबरात आली. व्यवहाराला ते बरोबर होतं आणि मीही त्या वेळी दुसरं काही सुचवलं नसतं.

आधार केंद्रावर मात्र काम झालं. तिथेही बोट घेईना, पण तिथल्या मुलीने लगेच डोळ्याचं यंत्र पुढे केलं आणि बुबुळ पहिल्या फटक्यात जुळलं. नंबर बदलायचं शुल्क 75 रुपये, ऑक्टोबर 2025 पासून ते 50 चं 75 झालंय. खरा खर्च हा नव्हे. रांगेसाठी सकाळी लवकर जायचं, म्हणजे त्या दिवशी विड्या वळून होत नाहीत, कारखान्यात माल कमी जातो, आणि हे काम नगावर असल्याने तेवढी मजुरी बुडते. शिवाय नवीन सिम चालू ठेवायचं तर रिचार्ज. 2024 च्या जुलैत दर वाढले तेव्हापासून साधा महिन्याचा रिचार्ज दोनशेच्या आसपास आहे. दूरसंचार नियामकाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात फक्त कॉल आणि एसएमएसची वेगळी पॅक द्यायला कंपन्यांना सांगितलं. ती आली, पण तीन-तीन महिन्यांची, एकदम चारशेच्या वर मोजायची. वर्षातून चार-पाच ओटीपी यावेत म्हणून अक्काने हा खर्च करायचा.

नवऱ्याचा ओटीपी

पहिला ओटीपी आता अक्काच्या ताब्यातल्या नंबरावर यायला लागला. दुसऱ्याचं काय?

पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित बायकांसाठी सरकारने वाट काढली होती. त्यांनी स्वतःपुरतं ई-केवायसी करायचं आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश यांची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. ही सवलत आली तेव्हा गल्लीतल्या विधवा बायकांचं काम मार्गी लागलं. अक्काकडे यातलं एकही कागदपत्र नाही. नवरा जिवंत आहे, घटस्फोट नाही, आदेश नाही. योजनेच्या मूळ पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्यासोबत परित्यक्ता बायकाही स्पष्ट नोंदलेल्या आहेत. म्हणजे पैसे घ्यायला ती पात्र. फक्त टाकून दिलेल्या बाईकडे टाकून दिल्याचा दाखला नसतो, आणि पडद्यावर रिकामी राहिलेली चौकट दाखल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मला या प्रकरणातला हा सगळ्यात वाईट भाग वाटतो. अंगठ्याचा प्रश्न यंत्राचा आहे, त्याला बुबुळाचा पर्याय निघाला. इथे एका बाईने, ज्या माणसाशी तिने वर्षानुवर्षं शब्द बोललेला नाही, त्याला फोन करून सहा आकडे मागायचे होते. ते देणं न देणं त्याच्या मर्जीवर. पूर्वी कुठल्या कार्यालयाने ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं, साहेबाला चार शब्द सुनावता आले असते. ओटीपीची चौकट कुणाशी बोलत नाही.

अक्का स्वतः फोन करायला तयार नव्हती. मुलगीही नाही. मध्यस्थी केली दिराच्या मुलाने, तो भिवंडीतच असतो. नवऱ्याने हो म्हटलं, नाही म्हटलं, मग आधार क्रमांक कळवला. तेवढ्यावर भागत नाही, कारण ओटीपी दहाच मिनिटं टिकतो. दोन्ही टोकांना माणसं एकाच वेळी बसलेली हवीत. दिवसा संकेतस्थळ चालेना. राज्यभरातल्या बायका त्यावर होत्या. रात्री अकरानंतर जरा हलायचं. पण तेव्हा नवरा रात्रपाळीला. मागाच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, आणि पाळी बारा तासांची. एकदा ओटीपी गेला, त्याने तो सकाळी वाचला. एकदा त्याने वाचून दाखवला, इकडे ऐकताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली, परत मागवेपर्यंत पान बंद पडलं. शेवटी त्याच्या सुट्टीच्या दिवशी, रात्री, पुतण्या शेजारी बसून मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवत असताना हे जमलं.

या फोनाफोनीत कुणी काय बोललं ते मी लिहिणार नाही. पैसे मिळायला लागल्यापासून पहिल्यांदा त्या माणसाला समजलं की बायकोच्या खात्यात दरमहा 1500 येतात, एवढं नोंदवतो. त्याने अजून तरी काही मागितलेलं नाही.

‘नाहीत’ला ‘हो’

शेवटची पायरी दोन विधानांची होती. पहिल्याचा आशय असा की कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाहीत आणि निवृत्तिवेतन घेत नाहीत. त्यापुढे होय किंवा नाही. म्हणजे घरात सरकारी नोकर नसेल तर ‘होय’ दाबायचं.

अक्काच्या मुलीला मी मुद्दाम विधान मोठ्याने वाचायला सांगितलं. ती बारावी झालेली, मराठी शाळेतली, घरात तेलुगू. वाचून म्हणाली, “आमच्याकडे कोण सरकारीत हाय? नाहीच,” आणि बोट ‘नाही’वर गेलं. थांबवलं. नंतर राज्यभरातून चुकीचा पर्याय निवडला गेल्याच्या तक्रारी आल्या आणि अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणीची वेळ आली, तेव्हा मला त्याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू घरी बोलणारी माणसं मराठी फाडफाड बोलतात, बाजारात तुम्हाआम्हाला विकून येतील. पण नकारार्थी वाक्याला होकार द्यायची ही भाषा बाजाराची नाही. मराठी घरात वाढलेला माणूसही तिथे अडखळतो.

पडताळणी हवी की नको

हवी. उगाच सगळं सरकारवर ढकलण्यात अर्थ नाही. 2025 च्या जुलैत चौदा हजारांवर पुरुषांनी या योजनेचे पैसे घेतल्याचं बाहेर आलं. सरकारी कर्मचारी बायकाही त्यात सापडल्या. दोन कोटींहून जास्त खात्यांत पैसे जात होते तिथे तपासणी न करणं हा गुन्हा ठरला असता. ऑनलाईन तपासणीने वेळ वाचतो हेही खरं. गल्लीतल्या बऱ्याच घरांत हे काम बसल्या जागी झालं, नवरा शेजारी, फोन हातात, खरंच पाच मिनिटांत.

पण त्यात वाचलेला वेळ आणि पैसा कुणाचा, आणि खर्च कुणाच्या माथी गेला? कार्यालयाची खिडकी, तिथला कारकून, चौकशीचा कागद हे सगळं वाचलं. त्या जागी अक्काच्या मुलीच्या रात्री लागल्या, पुतण्याची सुट्टी लागली, झेरॉक्सवाल्याला पैसे गेले. सेवा फुकट आहे, पण चौकातल्या दुकानात पन्नासपासून शंभरपर्यंत घेत होते, आणि गर्दी पाहता ते फार घेत होते असंही म्हणवत नाही. काही बायकांनी व्हॉट्सॲपवर आलेल्या खोट्या लिंकवर आधार क्रमांक भरला. काहींनी ओटीपी अनोळखी माणसाला वाचून दाखवला. एका बाजूला बँका ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ म्हणून बजावतात आणि दुसऱ्या बाजूला तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय काम होणार नाही अशी व्यवस्था, तर बाईने ऐकायचं कुणाचं?

इंटरनेट जसजसं सगळ्यांकडे पोचतं, तसतशी जुनी वाट बंद करायला कारण मिळतं, हे या प्रकरणात मला ठळक दिसलं. शंभरातल्या दहांकडेच फोन होते तेव्हा कागदाची खिडकी ठेवावीच लागायची, आणि अक्काचं काम त्या खिडकीवर व्हायचं. आता नव्वदांकडे आहे म्हटल्यावर खिडकी उचलली. उरलेले दहा पूर्वीपेक्षा जास्त अडले. त्यांच्यात नवा कुठला दोष आलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात याच मुद्द्याला हात घातला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या व्यक्तींना केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवता येत नव्हत्या. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे असं सांगून न्यायालयाने केवायसीचे पर्यायी मार्ग ठेवायचे निर्देश दिले. तिथे प्रश्न पापणीचा होता. झिजलेला अंगठा त्याच्या फार दूर नाही. ‘नवऱ्याचा नंबर’ मात्र अजून कुठल्या निकालात आलेला माझ्या पाहण्यात नाही, कदाचित तो तांत्रिक अडचणीसारखा दिसत नाही म्हणून.

काय करता आलं असतं? फार अवघड काही नाही. परित्यक्ता बाईसाठी अंगणवाडी सेविकेने दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी केलेला पंचनामा चालला असता. सेविकेला गल्लीतल्या प्रत्येक घराची कुंडली ठाऊक असते, कुणाचा नवरा कुठे आहे हे तिला विचारायला संकेतस्थळ लागत नाही. आमच्या भागातल्या ताईंनी तर वहीच केलीय: कुणाचा नंबर कुणाच्या ताब्यात, कुणाचा अंगठा येत नाही, कुणाचा नवरा गेलाय. त्या वहीला सरकारी किंमत शून्य. तिचं काम आधीच ओसंडून चाललंय आणि मानधन तुटपुंजं, त्यामुळे तिच्यावर आणखी एक काम टाका म्हणताना मलाही संकोच वाटतो. पण ती वही तशीही ती लिहितेच आहे.

सध्याची स्थिती

अक्काचं ई-केवायसी मुदतीत झालं. पैसे चालू आहेत. त्यातून ती नवं सिम रिचार्ज करते.

शासन निर्णयाप्रमाणे हे एकदाच करून भागणारं नाही. दर वर्षी जूनपासून दोन महिन्यांत पुन्हा करायचं आहे. मुलीचं लग्न ठरतंय, स्थळ तेलंगणातल्या सिरसिल्ल्याचं. सिम तिच्या नावावर, फोन तिचा. अक्काच्या नावावर सिम करून घ्यायला अंगठ्याशिवाय कोणता मार्ग दुकानदार मान्य करतो याची चौकशी चालू आहे; एकाने फोटो आणि फॉर्मवर करून देतो म्हटलंय, पण तो रविवारीच भेटतो आणि रविवारी अक्काच्या घरी पाहुणे असतात. परित्यक्ता बायकांच्या पंचनाम्याबद्दलचा अर्ज वस्तीतल्या बायकांच्या सह्या घेऊन तयार आहे. सह्या म्हणजे बहुतेक अंगठेच. शाईचे. कागदावर उमटलेल्या त्या ठशांत रेषा नाहीत, पण अर्ज घेणाऱ्या कारकुनाने अजून तरी त्यावर हरकत घेतलेली नाही.